कसोटीतला थोर फिरकी गोलंदाज कसा ओळखावा: पायरीपायरीने पारखण्याची पद्धत

भारताने आपला पहिला कसोटी विजय फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला इंग्लंडविरुद्ध मिळवला. त्या संघाचे कर्णधार विजय हजारे हे सांगलीत जन्मलेले, त्यामुळे आमच्या गावात हा सामना आजही अभिमानाने सांगितला जातो. पण तो प्रत्यक्षात जिंकून दिला विनू मंकड यांच्या डावखुऱ्या फिरकीने. पहिल्या डावात ५५ धावांत ८ आणि दुसऱ्या डावात ५३ धावांत ४ असे त्यांचे बळी होते. या बारा बळींचे वजन नेमके किती धरायचे? खेळपट्टीने किती साथ दिली, समोरचे फलंदाज किती तयारीचे होते आणि त्याच सामन्यात बाकीच्या फिरकी गोलंदाजांनी काय केले, हे पाहिल्याशिवाय या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. मंकडांचे नाव काढून तिथे कुंबळे, वॉर्न, मुरलीधरन किंवा अश्विन घातले, तरी प्रश्न तोच राहतो.

सांगलीत शिवाजी स्टेडियमच्या पायऱ्यांवर किंवा आमराईत सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींत हा वाद रंगतो, तेव्हा तो बहुधा एकाच आकड्यावर अडतो. एक जण मुरलीचे ८०० बळी पुढे करतो, दुसरा लगेच 'त्यातले बांगलादेशचे किती?' असे विचारतो, आणि बोलणे तिथेच थांबते. मी गेली अनेक वर्षे जिल्हा पातळीवरच्या सामन्यांचे गुणलेखन करतो. आकड्यांवर माझे प्रेम आहे, आणि म्हणूनच एकच आकडा हातात घेऊन केलेला निवाडा मला पटत नाही. खाली दिलेली पद्धत कोणालाही घरबसल्या वापरता येईल. एक आखीव वही, जुनी धावपत्रके पाहण्यासाठी मोबाईल आणि सामन्यांची चित्रणे पाहण्याचा संयम एवढेच त्यासाठी लागते. वहीत प्रत्येक गोलंदाजाला एक पान द्यावे आणि प्रत्येक पायरीचे उत्तर त्या पानावर दोन-तीन ओळींत लिहावे.

पहिली पायरी: तीन आकडे एकत्र वाचा

सरासरी म्हणजे एका बळीसाठी मोजलेल्या धावा, स्ट्राइक रेट म्हणजे एका बळीसाठी टाकलेले चेंडू, आणि इकॉनॉमी म्हणजे दर षटकामागे दिलेल्या धावा. पहिला आकडा उरलेल्या दोहोंतून तयार होतो. त्यामुळे नुसती सरासरी पाहिली, तर दोन अगदी वेगळ्या प्रकृतीचे गोलंदाज एकसारखे दिसू लागतात.

बापू नाडकर्णी यांनी ४१ कसोटींत २९.०७ च्या सरासरीने ८८ बळी घेतले, तर भागवत चंद्रशेखर यांनी ५८ कसोटींत २९.७४ च्या सरासरीने २४२. सरासरीत जवळजवळ फरक नाही. परंतु नाडकर्णी षटकाला केवळ १.६७ धावा देत आणि त्यांना एका बळीसाठी सुमारे १०४ चेंडू लागत, तर चंद्रशेखर षटकाला २.७० धावा देऊन ६६ चेंडूंत एक बळी मिळवत. जानेवारी १९६४ मध्ये मद्रासला नाडकर्णींनी इंग्लंडविरुद्ध ३२ षटकांत २७ निर्धाव, म्हणजे एकही धाव न दिलेली षटके टाकून अवघ्या ५ धावा दिल्या. टप्पा आणि दिशा यांवर इतकी हुकमत क्वचितच कोणाची असेल, परंतु त्या डावात त्यांना बळी एकही मिळाला नाही. कसोटी जिंकायची तर पाच दिवसांत वीस गडी बाद करावे लागतात, म्हणून थोरवी ठरवताना मी स्ट्राइक रेटला अधिक वजन देतो. इकॉनॉमीला कमी लेखावे, असा याचा अर्थ नाही. ज्याच्या गोलंदाजीवर धावा निघत नाहीत, त्याच्याकडून कर्णधार सलग वीस-वीस षटके टाकून घेऊ शकतो. बिशनसिंग बेदी यांच्या २६६ बळींमागे २.१४ ची इकॉनॉमी आहे, ती याच कारणाने मोलाची ठरते.

दोन्ही गोष्टी एकाच हातात असणारे फार थोडे. मुरलीधरनची इकॉनॉमी २.४७ आणि स्ट्राइक रेट ५५, तर वॉर्नची अनुक्रमे २.६५ आणि ५७.४. फिरकीच्या इतिहासात हे दोघे सर्वांच्या पुढे का धरले जातात, त्याचे पहिले कारण इथेच सापडते. एक मर्यादा मात्र मी पाळतो: शंभर बळी झाल्याशिवाय कोणाचे पान उघडायचे नाही.

दुसरी पायरी: त्याच खेळपट्टीवर दुसऱ्याने काय केले?

ही पायरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि चर्चेत नेमकी हीच वगळली जाते.

१९५६ साली ओल्ड ट्रॅफर्डवर जिम लेकर यांनी ऑस्ट्रेलियाविरुद्ध ३७ धावांत ९ आणि ५३ धावांत १०, म्हणजे सामन्यात ९० धावांत १९ बळी घेतले. खेळपट्टी फिरकीला अनुकूल होती, असे म्हणून या पराक्रमाची किंमत कमी करणारे भेटतात. खेळपट्टी अनुकूल होती, हे खरेच आहे. परंतु त्याच सामन्यात, त्याच फलंदाजांपुढे लेकर यांचा जोडीदार टोनी लॉक होता. लेकर यांनी ६८ षटके टाकली आणि लॉकने ६९. लॉकला १०६ धावांत एकच बळी मिळाला. लॉक सामान्य गोलंदाज नव्हता. ४९ कसोटींत १७४ बळी त्याच्या नावावर आहेत. दोघांनी जवळजवळ तेवढीच षटके टाकली, माती तीच होती, फलंदाज तेच होते, आणि एकाला एकोणीस तर दुसऱ्याला एक. इथे खेळपट्टीचा वाटा वजा केल्यावरही लेकर यांच्या हातात पुष्कळ उरते.

आता याच्या उलट उदाहरण घ्या. नोव्हेंबर २००४ मध्ये वानखेडेवर मायकेल क्लार्क या कामचलाऊ डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाने भारताचे ६ गडी ९ धावांत टिपले. एखाद्या सामन्यात हंगामी गोलंदाजाला असे बळी मिळाले, की त्या सामन्यातल्या सर्वच फिरकी गोलंदाजांच्या बळींचे वजन वहीत कमी धरले पाहिजे.

हिशेब करण्याची रीत सोपी आहे. ज्या गोलंदाजाचे मूल्यमापन करायचे, त्याने खेळलेल्या सामन्यांची धावपत्रके काढावीत. प्रत्येक सामन्यात त्याने दिलेल्या धावा आणि घेतलेले बळी एका रकान्यात लिहावेत, आणि दोन्ही संघांच्या बाकी सर्व फिरकी गोलंदाजांच्या धावा व बळी दुसऱ्या रकान्यात. शेवटी दोन्ही रकान्यांची सरासरी काढावी. इतरांची सरासरी ४० आणि आपल्या गोलंदाजाची २५ असेल, तर तो परिस्थितीच्या पुष्कळ वर उठला. इतरांचीही २६ असेल, तर त्याचे बळी बव्हंशी खेळपट्टीने दिलेले आहेत. सगळी कारकीर्द तपासणे जमणार नसेल, तर निदान वेगवेगळ्या देशांतले वीस सामने तपासावेत.

या हिशेबात दोन ठिकाणी जपावे लागते. जोडीदार स्वतःच मोठा असेल, तर तुलना आपल्या गोलंदाजावर अन्याय करते. बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर आणि वेंकटराघवन एकमेकांच्याच वाट्याचे बळी घेत होते, त्यामुळे त्यांना एकमेकांशी ताडून कोणीच उठून दिसत नाही. दुसरे असे, की प्रतिस्पर्धी संघाच्या फिरकी गोलंदाजापुढे वेगळे फलंदाज असतात. म्हणून जोडीदार आणि प्रतिस्पर्धी यांचे आकडे वेगळे ठेवावेत आणि दोन्ही पाहून मत बनवावे.

आमच्या भागाला सर्वांत जवळचे कसोटी मैदान म्हणजे पुण्याजवळचे गहुंजे. तिथे ऑक्टोबर २०२४ मध्ये न्यूझीलंडच्या मिचेल सँटनरने १५७ धावांत १३ आणि वॉशिंग्टन सुंदरने ११५ धावांत ११ बळी घेतले. त्याच सामन्यात अश्विनला ५ आणि जडेजाला ३ बळी मिळाले. यावरून सँटनर आणि सुंदर हे अश्विन-जडेजांपेक्षा मोठे, असा निष्कर्ष कोणी काढणार नाही. एका सामन्याचा दुसरा रकाना फार तर इशारा देतो. निर्णयासाठी ते रकाने पानभर खाली उतरावे लागतात.

तिसरी पायरी: घराबाहेर

मायदेशी आणि परदेशी असे नुसते दोन भाग करून भागत नाही. परदेशाचेही निदान तीन गट करावेत. ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिका इथे चेंडू उसळतो, पण आडवा फारसा वळत नाही; इंग्लंड आणि न्यूझीलंड इथे दमट हवा आणि हिरवळ वेगवान गोलंदाजांना बळ देते, आणि फिरकी गोलंदाजाला चेंडू मिळतो तोच उशिरा; आशियात चेंडू वळतो, पण समोरचे फलंदाज फिरकी खेळतच मोठे झालेले असतात.

या तिसऱ्या गटात शेन वॉर्नची परीक्षा झाली. भारतातल्या ९ कसोटींत त्याला ४३.११ च्या सरासरीने ३४ बळी मिळाले. मुरलीधरनची परीक्षा पहिल्या गटात झाली. ऑस्ट्रेलियात ५ कसोटींत त्याला केवळ १२ बळी मिळाले, तेही ७५ च्या सरासरीने, आणि भारतातही त्याची सरासरी ४५ च्या वर होती. थोर म्हणवणाऱ्या गोलंदाजाच्या पानावरही एखादा रकाना असा काळा असतो, हे यातून दिसते. म्हणून एखाद्या देशातले अपयश दाखवून कोणाला खाली ओढण्याऐवजी बाकीच्या देशांत त्याने काय केले, ते पाहावे. इंग्लंडमध्ये वॉर्नने २२ कसोटींत १२९ बळी २१.९४ च्या सरासरीने घेतले, आणि मुरलीने ६ कसोटींत ४८ बळी १९.२० ने. जिथे फिरकी गोलंदाजाला कोणी मुद्दाम मदत करत नाही, तिथले हे आकडे आहेत.

इरापल्ली प्रसन्ना यांचे १९६७-६८ चे दौरे या पायरीवर आवर्जून अभ्यासावेत. ऑस्ट्रेलियात भारत चारही कसोटी हरला, परंतु प्रसन्नांनी त्या चार कसोटींत २५ बळी घेतले. तिथून न्यूझीलंडला जाऊन चार कसोटींत आणखी २४. भारताने परदेशात जिंकलेली पहिली मालिका ती हीच. कारकिर्दीची ३०.३८ ही सरासरी पाहून प्रसन्नांना मागे टाकणाऱ्याने या आठ कसोटींची धावपत्रके समोर ठेवावीत.

चौथी पायरी: समोर कोण होते?

मुरलीधरनच्या ८०० बळींतले १७६ बांगलादेश आणि झिम्बाब्वे या संघांविरुद्धचे आहेत. ते वजा केले, तर १०८ कसोटींत ६२४ बळी उरतात आणि सरासरी २२.७२ वरून २५ च्या किंचित आत येऊन थांबते. वॉर्नचे या दोन संघांविरुद्धचे बळी केवळ १७. ते काढले तरी त्याची सरासरी २५.४१ च्या आसपासच राहते. म्हणजे वरवर पावणेतीन धावांचे दिसणारे अंतर अर्ध्या धावेवर येते.

इथे थांबून वॉर्नला वर ठेवणारे पुष्कळ आहेत, पण हिशेब अजून पुरा झालेला नसतो. वॉर्नच्या काळात जगातली सर्वांत बलाढ्य फलंदाजी त्याच्याच संघात होती. तिला गोलंदाजी करण्याची वेळ त्याच्यावर कधी आली नाही, मुरलीवर आली. शिवाय वॉर्नच्या आधी मॅकग्राने सलामीचे फलंदाज परत पाठवलेले असत, तर मुरलीच्या बाजूला चमिंडा वास सोडला तर दीर्घकाळ टिकलेला दुसरा मोठा गोलंदाज नव्हता. जोडीदार दुबळे असले की बळी जास्त मिळतात, पण दडपणही एकट्यावर येते. या दोन्ही बाजू मांडून झाल्यावर माझे मत असे आहे, की मुरली बळी मिळवण्याच्या सातत्यात पुढे आणि वॉर्न प्रतिकूल खेळपट्ट्यांवर सामना फिरवण्यात पुढे.

बळींचा दर्जा पाहण्याची एक साधी युक्ती आहे. मिळालेल्या बळींतले पहिल्या ते सातव्या क्रमांकाचे फलंदाज किती आणि शेपटातले किती, हे वेगळे मोजावे. डावखुरे किती, हेही पाहावे. अश्विनने कसोटीत २०० हून अधिक डावखुरे फलंदाज बाद केले, आणि हा विक्रम त्याच्या कौशल्याचे नेमके स्वरूप सांगतो: त्याचा बाहेर जाणारा ऑफब्रेक डावखुऱ्याच्या बॅटची कड शोधत असे, आणि सरळ राहणारा चेंडू त्याला पायचीत करत असे.

पाचवी पायरी: कितवा डाव?

काळ्या मातीची ओळख कृष्णाकाठच्या माणसाला करून द्यावी लागत नाही. ओली असताना चिवट, वाळली की घट्ट, आणि आणखी तापली की भेगाळणारी ही माती खेळपट्टीतही तशीच वागते. भारतातल्या काळ्या मातीच्या खेळपट्ट्यांवर चेंडू सहसा खाली राहतो आणि संथ वळतो. लाल मातीच्या खेळपट्टीवर उसळी अधिक मिळते आणि पृष्ठभाग सुटू लागला की चेंडू झपाट्याने वळतो. दोन्ही प्रकारांत चौथ्या-पाचव्या दिवशी गोलंदाजांच्या बुटांनी उकरलेला भाग फिरकीला मदत करतो. म्हणून चौथ्या डावातले बळी हे फिरकी गोलंदाजाचे कर्तव्यच मानले जाते. वॉर्नने चौथ्या डावांत १३८ आणि रंगना हेराथने ११५ बळी घेतले. हेराथच्या एकूण ४३३ बळींशी ताडले, तर हे प्रमाण विलक्षण आहे.

पण मला अधिक मोलाचे वाटते ते पहिल्या डावातले काम, कारण तेव्हा माती काहीच देत नाही. डिसेंबर २०१८ मध्ये ॲडलेडला अश्विनने ऑस्ट्रेलियाच्या पहिल्या डावात ३४ षटकांत ५७ धावा देऊन हॅरिस, शॉन मार्श आणि ख्वाजा यांना बाद केले. हे तिन्ही वरच्या फळीतले डावखुरे फलंदाज होते. दुसऱ्या डावात त्याने ५२.५ षटके टाकून ९२ धावांत आणखी ३ बळी घेतले आणि भारत ३१ धावांनी जिंकला. धावपत्रकावर यात पाच बळींचा एकही डाव नाही, त्यामुळे विक्रमांच्या यादीत हा सामना शोधून सापडणार नाही. माझ्या वहीत मात्र अश्विनच्या पानावर तो सर्वांत वर आहे.

सहावी पायरी: आता आकडे बाजूला ठेवा आणि चेंडू पाहा

इथे घाई करू नये. चित्रण पाहताना आपण सहसा चेंडू पडल्यानंतर किती वळला तेवढेच पाहतो, कारण ते सहज दिसते. फलंदाज मात्र बहुतेक वेळा त्याआधी, हवेतच, फसलेला असतो.

पहिल्यांदा शिवण पाहावी. उत्तम ऑफस्पिनरच्या हातून सुटलेल्या चेंडूची शिवण डळमळत नाही. ती एका कोनात स्थिर राहून फिरते. मंद गतीच्या पुनर्प्रक्षेपणात हे स्पष्ट दिसते. शिवण डगमगत असेल, तर बोटांनी दिलेली फिरकी पूर्णपणे चेंडूत उतरलेली नाही, असे समजावे. मग चेंडूचे हवेतले वाहणे, म्हणजे ड्रिफ्ट, पाहावे. जोरात फिरणारा चेंडू हवेच्या दाबातल्या फरकामुळे एका बाजूला सरकतो: उजव्या हाताच्या फलंदाजाला टाकलेला ऑफब्रेक आधी स्लिपच्या दिशेने सरकतो आणि पडल्यावर आत येतो, लेगब्रेक आधी पायांच्या दिशेने सरकतो आणि पडल्यावर बाहेर जातो. जून १९९३ मध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर वॉर्नने माइक गॅटिंगला टाकलेला चेंडू सर्वांना माहीत आहे. तो लेगस्टंपच्या बाहेर पडून ऑफस्टंपवर गेला, तेवढेच लोकांच्या लक्षात राहिले आहे. तोच चेंडू पुन्हा पाहा आणि या वेळी त्याचा टप्पा पडण्यापूर्वीचा प्रवास पाहा. तो शेवटच्या क्षणी पायांकडे सरकला, म्हणून गॅटिंगची बॅट चुकीच्या रेषेत गेली.

त्यानंतर चेंडूचे खाली येणे, म्हणजे डिप. चेंडूला पुढच्या दिशेने गोल फिरवले, की तो फलंदाजाच्या अंदाजापेक्षा लवकर खाली येतो. फलंदाज पुढे सरसावतो आणि चेंडू त्याच्या बॅटपासून वीतभर आधी पडतो. हे ओळखायची खूण म्हणजे फलंदाजाचे पाय: पुढचा पाय टाकून झाल्यावर त्याला हात घाईने पुढे ढकलावे लागले, तर गोलंदाजाने त्याला लांबीत फसवले आहे. बेदींची चित्रणे या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत. त्यांचा चेंडू डोळ्यांच्या पातळीच्या वर जाई, फलंदाजाला तो मारण्याजोगा वाटे, आणि बॅट खाली येईपर्यंत त्याचा टप्पा निसटलेला असे.

आमच्याकडे सरावाला अजून बऱ्याच ठिकाणी मॅटिंग असते. मॅटवर चेंडू आपोआप उसळतो आणि वळतो, त्यामुळे पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला आपण मोठे फिरकी गोलंदाज झालो, असे वाटू लागते. अशाच एका सरावात एका वयस्कर प्रशिक्षकांनी एका लेगस्पिनरला थांबवून सांगितले, 'अरे बाळा, वळतंय ते मॅट वळवतंय. तू हवेत काय करतोस ते मला दाखव.' आणि त्यांनी नेटच्या मधोमध, मुलाच्या डोक्याच्या वर एक दोरी आडवी बांधून चेंडू तिच्यावरून टाकायला लावला. पहिले कित्येक चेंडू फुलटॉस गेले. मग मनगट अधिक फिरू लागले आणि चेंडू दोरी ओलांडून टप्प्यावर पडू लागला. कसोटीतला गोलंदाज पाहतानाही मनात ही दोरी बांधून पाहावी.

गतीतला फरक पडद्यावर आकड्यांत दिसतो, तोही टिपून ठेवावा. सलग सहा चेंडूंची गती जवळजवळ सारखी असणारा गोलंदाज आणि फारसा हात न बदलता ती ताशी दहा किलोमीटरने कमी-जास्त करणारा गोलंदाज, यांत पुष्कळ अंतर आहे. मात्र फ्लाइट, म्हणजे चेंडू हवेत उंच देऊन फसवणे, हा एकच मार्ग मानू नये. कुंबळे वेगाने टाके, चेंडू कमी वळवी आणि उसळी व अचूकता यांवर बळी मिळवी. इंग्लंडचे अंडरवूड हेही जलद आणि सपाट टाकत, तरी त्यांचे २९७ बळी २५.८३ च्या सरासरीने आहेत. पाहायचे ते एवढेच, की गोलंदाजाने आपल्या देहयष्टीला साजेसे शस्त्र निवडले का आणि ते धारदार ठेवले का.

सातवी पायरी: सापळा

एक चेंडू चांगला टाकणे वेगळे आणि बारा चेंडूंचा बेत रचणे वेगळे. एखादा बळी निवडून त्याच्या आधीची दोन-तीन षटके पूर्ण पाहावीत आणि प्रत्येक चेंडू कुठे पडला, ते कागदावर खुणेने मांडावे. बळीचा चेंडू आधीच्या चेंडूंपेक्षा कोणत्या बाबतीत वेगळा होता, हे त्यातून दिसते. क्षेत्ररचनाही टिपावी: शॉर्ट लेग केव्हा आणला, मिडविकेट मुद्दाम मोकळा केव्हा ठेवला.

सापळा मोडणारा फलंदाज भेटल्यावर गोलंदाज काय करतो, हेही या पायरीवर बघायचे असते. १९९८ च्या चेन्नई कसोटीपूर्वी सचिन तेंडुलकरने लक्ष्मण शिवरामकृष्णनकडून लेगस्टंपबाहेरच्या उकरलेल्या भागात चेंडू टाकून घेऊन सराव केला. पहिल्या डावात वॉर्नने त्याला ४ धावांवर बाद केले. दुसऱ्या डावात वॉर्न राउंड द विकेट, म्हणजे स्टंपच्या दुसऱ्या बाजूने येऊन त्याच भागात टाकू लागला, आणि तेंडुलकरने मिडविकेटकडे फटके मारत नाबाद १५५ धावा केल्या. त्या मालिकेत वॉर्नला उत्तर सापडले नाही. पण याच गोलंदाजाने २००५ च्या ॲशेसमध्ये, खांदा आणि बोटे दोन्हींवर पूर्वी शस्त्रक्रिया झालेल्या असताना आणि संघ हरत असताना, पाच कसोटींत ४० बळी घेतले.

आठवी पायरी: काळ आणि नियम

ही पायरी थोडक्यात उरकता येते, पण वगळता येत नाही. इंग्लंडमध्ये १९८० च्या सुमारापर्यंत खेळपट्ट्या पूर्ण झाकल्या जात नसत. पाऊस पडून ऊन आले, की फिरकी खेळणे अवघड होई. उलट त्या काळी पुढे पाय टाकून पॅडने अडवणाऱ्या फलंदाजाला पंच सहसा पायचीत देत नसत. पंचांच्या निर्णयाचा फेरविचार करण्याची पद्धत आल्यावर असे बळी मिळू लागले. भारताने ती २०१६ मध्ये स्वीकारली. २००५ पासून चेंडू टाकताना वाकलेले कोपर १५ अंशांपर्यंत सरळ करण्याची मुभा सर्वांनाच मिळाली. म्हणून वेगवेगळ्या काळांतल्या दोघांची सरासरी थेट समोरासमोर ठेवू नये. प्रत्येकाला त्याच्या समकालीनांशी ताडावे. १९३० च्या दशकातल्या फलंदाजांच्या राज्यात बिल ओरायली यांनी २७ कसोटींत २२.५९ च्या सरासरीने १४४ बळी घेतले, ते या रीतीनेच उठून दिसतात. सुभाष गुप्ते यांचे १४९ बळी २९.५५ च्या सरासरीने आहेत; तरीही त्यांना खेळलेले गारफिल्ड सोबर्स यांनी पाहिलेल्या लेगस्पिनरांत त्यांना सर्वांत वर ठेवले. समोर उभ्या राहिलेल्या फलंदाजाची साक्ष अशा वेळी आकड्यांइतकीच ग्राह्य धरावी.

नववी पायरी: टिकाव

नरेंद्र हिरवाणीने जानेवारी १९८८ मध्ये चेन्नईला पदार्पणातच वेस्ट इंडिजचे १६ गडी १३६ धावांत बाद केले. त्याची कारकीर्द १७ कसोटी आणि ६६ बळींवर थांबली. जसू पटेल यांनी डिसेंबर १९५९ मध्ये कानपूरला १२४ धावांत १४ बळी घेऊन ऑस्ट्रेलियावरचा पहिला विजय मिळवून दिला. त्यांच्या वाट्याला ७ कसोटी आल्या. स्टीव्ह ओकीफने २०१७ मध्ये गहुंज्यालाच ७० धावांत १२ बळी घेतले, आणि तो ९ कसोटी खेळला. हे पराक्रम खरे आहेत आणि ते साजरे करावेत, पण थोरवीसाठी फलंदाजांनी आपल्याला ओळखल्यानंतरची वर्षे मोजायची असतात. संधीच न मिळालेल्यांविषयी मात्र या पद्धतीने काही ठरवता येत नाही. पद्माकर शिवलकर यांनी प्रथम श्रेणीत १९.६९ च्या सरासरीने ५८९ बळी घेतले आणि ते एकही कसोटी खेळले नाहीत. याची खंत मराठी क्रिकेटप्रेमींच्या मनातून जाणार नाही.

सर्व पायऱ्या एकत्र: अनिल कुंबळेचे पान

१३२ कसोटी, ६१९ बळी, सरासरी २९.६५, स्ट्राइक रेट ६५.९. पहिल्या पायरीवर तो वॉर्न आणि मुरलीच्या खाली राहतो. दुसऱ्या पायरीवर फेब्रुवारी १९९९ ची दिल्ली कसोटी घेऊ. पाकिस्तानच्या दुसऱ्या डावात त्याने ७४ धावांत सर्व १० बळी घेतले. खेळपट्टी मदत करत होती, कारण त्या दोन कसोटींच्या मालिकेत कुंबळेने २१ तर पाकिस्तानच्या सकलेन मुश्ताकनेही २० बळी घेतले. पण त्याच डावात दुसऱ्या बाजूने टाकणाऱ्या हरभजनला एकही बळी मिळाला नाही. म्हणजे मदत होती, तिचा पुरा लाभ एकानेच उठवला.

तिसऱ्या पायरीवर चित्र दुभंगते. मायदेशी ३५० बळी २४.८८ ने, बाहेर २६९ बळी ३५.८५ ने. परंतु या सरासरीच्या आत काळानुसार बदल आहे. ऑस्ट्रेलियात १९९९-२००० च्या दौऱ्यात तीन कसोटींत त्याला केवळ ५ बळी मिळाले होते; मग खांद्याची शस्त्रक्रिया झाली, त्याने चेंडू थोडा संथ केला, गुगली (लेगब्रेकसारखा दिसून उलट वळणारा चेंडू) सुधारली, आणि २००३-०४ मध्ये त्याच देशात तीन कसोटींत २४ बळी घेतले. त्यात सिडनीच्या पाटा, म्हणजे फलंदाजीला सोप्या, खेळपट्टीवरचे पहिल्या डावातले १४१ धावांत ८ बळी आहेत, म्हणजे पाचव्या पायरीचे उत्तर. २००२ मध्ये हेडिंग्लेला त्याने सामन्यात ७ बळी घेऊन विजयाला हातभार लावला, आणि त्याच वर्षी अँटिग्वाला जबडा मोडलेला असताना पट्टी बांधून १४ षटके टाकली आणि लाराला पायचीत केले. सहाव्या पायरीवर त्याला फ्लाइटचे गुण कमी द्यावे लागतात, उसळी आणि अचूकतेचे पूर्ण.

शेजारच्या पानावर अश्विन आहे: १०६ कसोटी, ५३७ बळी, सरासरी २४, स्ट्राइक रेट ५०.७. मायदेशी २१.५७ ची सरासरी कुंबळेपेक्षा स्पष्टपणे चांगली आहे, आणि हवेतल्या करामतीतही तो पुढे आहे. ऑस्ट्रेलियात मात्र कुंबळेचे १० कसोटींत ४९ बळी आहेत आणि अश्विनचे ११ कसोटींत ४०. शिवाय अश्विनच्या संघात बुमराह आणि शमी होते, तर कुंबळेवर बहुतेक दौऱ्यांत बळी मिळवण्याचा मुख्य भार होता. भारतातल्या कसोटीसाठी संघ निवडायचा झाला, तर मी चेंडू अश्विनच्या हातात देईन. सिडनीच्या पाटा खेळपट्टीवर, समोर चारशे धावा लागलेल्या असताना आणि दिवसाची तीस षटके एकाच टोकाकडून टाकायची असताना, मी कुंबळेला बोलावीन.